गळीत हंगामापूर्वीच्या नोंदी: मापन-उपकरणांची निवड, उभारणी आणि दोषनिवारण

१२ जून

मांजरा नदीच्या खोऱ्यातील आमच्या साखर कारखान्यात, रोज २,५०० टन गाळपाच्या हिशेबाने, रसाचा प्रवाह, बॉयलर ड्रममधील पाण्याची पातळी, पॅनची (साखर शिजवण्याच्या बंद भांड्याची) निर्वात, टाक्यांच्या पातळ्या आणि सल्फिटेशनचा (चुना व गंधकाच्या वायूने रस स्वच्छ करण्याच्या टप्प्याचा) पीएच या पाच ठिकाणांची मापन-उपकरणे या बंद हंगामात बदलण्यास मंजुरी मिळाली आहे. जुन्या उपकरणांबद्दलच्या तक्रारी मागील हंगामाच्या शिफ्ट-वहीतून वेगळ्या काढल्या. त्या वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसली, ती अशी की "ट्रान्समीटर बदलला" असा शेरा वारंवार येतो, पण बदलल्यानंतर तक्रार थांबली असा शेरा क्वचितच सापडतो. दोष ट्रान्समीटरच्या, म्हणजे मोजलेला आकडा पॅनलकडे पाठवणाऱ्या उपकरणाच्या, डब्यात नसून त्याच्या अलीकडच्या नळीत, पलीकडच्या केबलमध्ये किंवा ज्या जागी तो बसवला त्या जागेतच असावा, हे यावरून उघड आहे.

म्हणून निविदेचे तांत्रिक तपशील लिहिण्याआधी प्रत्येक जागेवर प्रत्यक्ष जाऊन तेथील तापमान, दाब, बसणारा थर, हादरे आणि हंगामात रात्री दोन वाजता फिटर त्या जागी कसा पोहोचेल, एवढ्या गोष्टी लिहून घेण्याचे ठरवले आहे. शेवटची बाब कोणत्याही माहितीपत्रकात नसते, परंतु शिडीशिवाय पोहोचता न येणाऱ्या मीटरची देखभाल होत नाही.

१९ जून

मिश्र रसाच्या प्रवाहासाठी मॅग्नेटिक फ्लो मीटर घ्यावे याबद्दल दुमत नव्हते. फॅरेडेने १८३१ मध्ये मांडलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या नियमावर ते चालते, रस विद्युतवाहक असल्याने त्याला पुरेसे व्होल्टेज मिळते, आणि नळीत कोणताही अडथळा नसल्याने बगॅसचे (उसाच्या चोथ्याचे) तंतू अडकत नाहीत. चर्चा झाली ती आकारावर.

अस्तित्वात असलेली रसाची लाइन २०० मिमीची आहे आणि पाइपिंगचे काम वाचावे म्हणून मीटरही २०० मिमीचे घ्यावे, असा आग्रह होता. पूर्ण गाळपावर रस ताशी सुमारे १०५ घनमीटर धरला, तर २०० मिमीच्या नळीत वेग सेकंदाला जेमतेम ०.९३ मीटर येतो आणि गाळप निम्म्यावर आले की तो अर्ध्या मीटरच्याही खाली जातो. १५० मिमीच्या नळीत तोच प्रवाह सेकंदाला १.६५ मीटर वेगाने जातो. रसात माती, तंतू आणि मेणासारखा थर असतो, वेग कमी झाला की तो इलेक्ट्रोडवर बसू लागतो, आणि थर बसलेला इलेक्ट्रोड एकाएकी बंद न पडता हळूहळू आकडा घसरवत नेतो, म्हणून तो लवकर लक्षात येत नाही. रिड्यूसर (नळीचा व्यास कमी करणारा जोड) लावून १५० मिमीचे मीटर घेण्याचे ठरले. रिड्यूसरमुळे होणारा दाबाचा ऱ्हास पंपाच्या क्षमतेत सहज सामावतो.

आतील अस्तर रबराचे घ्यावे की टेफ्लॉनचे, हा दुसरा प्रश्न होता. मिश्र रस थंडच असतो, त्यामुळे रबर पुरेल असे कागदावर दिसते. परंतु मिल धुताना तीच लाइन गरम पाण्याने आणि कधीकधी थेट वाफेने साफ केली जाते, आणि हे फक्त जुन्या कामगारांना विचारल्यावर कळते. टेफ्लॉनचे अस्तर निश्चित केले.

२७ जून

निविदा उघडल्या. सर्वांत कमी दर असलेल्या मीटरच्या कागदावर "अचूकता ०.५ टक्के" असे छापलेले आहे, तसेच ते दुसऱ्या क्रमांकाच्या निविदेतही आहे, आणि म्हणून दोन्ही समान मानावीत असे लेखा विभागाचे म्हणणे होते. पहिल्याचे ०.५ टक्के पूर्ण रेंजचे आहेत, तर दुसऱ्याचे प्रत्यक्ष वाचनाचे. रेंज ताशी २०० घनमीटर असेल तर पहिल्याची चूक कोणत्याही प्रवाहाला १ घनमीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणजे गाळप मंदावून रस ताशी ५० घनमीटरवर आला की ती २ टक्के होते. रसाच्या या आकड्यावरच चुन्याचे प्रमाण आणि साखरेचा सगळा ताळेबंद उभा असल्यामुळे दोन टक्के ही किरकोळ बाब नाही. समितीपुढे हे उदाहरण आकड्यांसह ठेवल्यावर दुसरी निविदा मान्य झाली. खरेदीच्या कागदात "अचूकता" या शब्दापुढे "कशाची" हे लिहिणे यापुढे बंधनकारक करावे, अशी टिपणीही जोडली आहे.

१५ जुलै

पातळीची उपकरणे. रसाच्या टाकीवरील जुने अल्ट्रासॉनिक काढायचे, हे आधीच ठरले होते. टाकीवर वाफ आणि फेस दोन्ही असतात. हवेतील ध्वनीचा वेग तापमान एक अंशाने वाढले की सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, आणि वाफेच्या थरांत तापमान जागोजागी वेगळे असल्याने आतील एका तापमान-सेन्सरवर केलेली दुरुस्ती पुरी पडत नाही. शिवाय फेस ध्वनी शोषून घेतो.

मळीच्या टाकीसाठी ८० गिगाहर्ट्झचा रडार घेतला. ८० मिमीच्या अँटेनासह त्याचा किरण सुमारे ३ अंशांचा राहतो, तर त्याच आकाराच्या अँटेनासह २६ गिगाहर्ट्झचा सुमारे १० अंशांपर्यंत फाकतो आणि शिडी, कॉइल, आधाराच्या पट्ट्या यांचे प्रतिध्वनी गोळा करतो. तळाशी दाब मोजून मळीची पातळी काढण्याचा पर्याय स्वस्त होता, पण मळीची घनता ब्रिक्सबरोबर (विरघळलेल्या घन पदार्थांच्या प्रमाणाबरोबर) बदलते आणि तिच्यात हवेचे बुडबुडे अडकले की ती आणखी घटते. तेव्हा मीटर वजनाशी प्रामाणिक राहते, पातळीशी नाही. टाकी उतू जाऊ नये हा येथे मुख्य उद्देश आहे, त्यामुळे रडार.

बाष्पीभवन पात्रांच्या पातळीसाठी मात्र दोन डायफ्रामचे (पातळ पडद्यांचे) डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे दोन दाबांतील फरक मोजणारे, ट्रान्समीटरच ठेवले आहेत. आत उकळी आणि निर्वात असल्याने तेथे वरून पाहणारे काहीही टिकत नाही.

३ ऑगस्ट

पॅनच्या निर्वातीबद्दल आज सर्वाधिक वेळ गेला आणि तो वाया गेला नाही. जुने ट्रान्समीटर गेज पद्धतीचे आहेत, म्हणजे ते बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतात. त्यांच्या जागी निरपेक्ष दाब मोजणारे घ्यावेत, असा प्रस्ताव मांडला.

कारण आमच्या जागेत आहे. बालाघाटच्या पठारावर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वातावरणाचा दाब सुमारे ७१२ मिमी पारा असतो, ७६० नव्हे. समुद्रकाठच्या कारखान्यात गेजवर ६५० मिमी निर्वात दिसली तर पॅनमध्ये ११० मिमी निरपेक्ष दाब उरतो, ज्याला पाणी सुमारे ५३.५ अंशांवर उकळते. आमच्या गेजवर तीच ६५० मिमी दिसली तर आत फक्त ६२ मिमी उरतात आणि पाणी सुमारे ४२ अंशांवरच उकळू लागते. इतक्या थंड पॅनमध्ये मॅसेक्विट (स्फटिक आणि पाकाचे मिश्रण) घट्ट होते, स्फटिकाची वाढ मंदावते, आणि तो आकडा गाठण्यासाठी कंडेन्सरला पाणी मात्र दुप्पट उत्साहाने सोडले जाते. समुद्रकाठच्या ६५० मिमीशी बरोबरी करायची तर आमच्या काट्यावर ६०२ मिमीच पुरेत.

ज्येष्ठ पॅनमन काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, काट्याला साडेसहाशे दिसल्याबिगर दाणा धरायचा नाही, असंच आम्हाला शिकवलंय. पण थंडीच्या दिवसात पॅन अडकल्यासारखा चालतो, ते याच्यानंच का?" जानेवारीत स्प्रे पाँडचे (कंडेन्सरचे पाणी थंड करण्याच्या तळ्याचे) पाणी गार असते आणि तेव्हाच ६५० हा आकडा खरोखर गाठला जातो, त्यामुळे त्यांच्या प्रश्नातच उत्तर होते. त्यांच्या सूचनेनुसार पडद्यावर निरपेक्ष दाब मोठ्या अक्षरांत आणि जुन्या सवयीचा निर्वात-आकडा त्याखाली लहान अक्षरांत दाखवण्याचे ठरले.

गेज ट्रान्समीटरचा आणखी एक दोष येथे नोंदवतो. बाहेरची हवा आत घेण्याचे त्याचे बारीक छिद्र साखरेच्या धुळीने बुजते, आणि मग तो कधीकाळी आत अडकलेल्या हवेशी तुलना करत राहतो.

२४ ऑगस्ट

उभारणी सुरू आहे. पाइपिंगच्या ठेकेदाराने रसाचे मीटर सोयीच्या उंचीवर, पण टाकीत उतरणाऱ्या उभ्या लाइनमध्ये बसवले होते. तेथे रस खाली पडताना नळी पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेल्या नळीतही मीटर पूर्ण छेद गृहीत धरून आत्मविश्वासाने जास्तीचा आकडा देते. पंपानंतरच्या, वर चढणाऱ्या लाइनमध्ये ते हलवले, जेथे अलीकडे नळीच्या व्यासाच्या पाचपट आणि पलीकडे तिप्पट लांबीची सरळ नळी मिळते. ठेकेदाराशी वाद झाला, पण नकाशात बाण वरच दाखवलेला होता.

वाफेच्या प्रवाहाचा ट्रान्समीटर टॅपिंगच्या (मुख्य नळीवरील दाब घेण्याच्या जागेच्या) खाली घेतला आहे, म्हणजे दोन्ही इम्पल्स लाइन (दाब पोहोचवणाऱ्या बारीक नळ्या) कंडेन्सेटने (वाफेपासून झालेल्या पाण्याने) भरलेल्या राहतील आणि वाफ थेट डायफ्रामपर्यंत येणार नाही. दोन्ही कंडेन्सेट पॉट एकाच उंचीवर आहेत की नाही, हे पाण्याच्या नळीने तपासून घेतले. आडव्या भागाला दर मीटर लांबीला किमान आठ सेंटिमीटर उतार दिला. फिटरच्या मते एवढा उतार दिसायला वाईट दिसतो, परंतु सपाट लाइनमध्ये अडकलेला हवेचा एक बुडबुडा संपूर्ण हंगाम शून्य हलवत राहतो.

केबलच्या बाबतीत दोन गोष्टी. सिग्नलच्या केबल ऊस-कॅरिअरच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) केबलपासून वेगळ्या ट्रेमध्ये नेल्या आणि शील्ड (केबलभोवतीचे धातूचे वेष्टण) फक्त पॅनलच्या टोकाला जोडले. दुसरी गोष्ट आमच्या काळ्या मातीची आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याभोवती पोकळी पडते आणि रोधन वाढते, मग पावसाळ्यात ती फुगून सगळे ठीक असल्याचे दाखवते. त्यामुळे पावसाळ्यातल्या चाचणीवर समाधान न मानता हीच चाचणी मे महिन्यात पुन्हा करण्याची नोंद देखभालीच्या वहीत घातली आहे.

१८ सप्टेंबर

लूप चेकिंग, म्हणजे ट्रान्समीटरपासून पडद्यापर्यंतच्या मार्गाची तपासणी. प्रत्येक ट्रान्समीटरच्या जागेवर ४ (रेंजचे शून्य), १२ (मध्य) आणि २० (पूर्ण) मिलिअँपिअर देऊन पडद्यावरील आकडा जुळवला. बहुतेक लूप विनातक्रार पार पडले.

रस-हीटरच्या तापमानाचा एक लूप अपवाद निघाला. हीटर बंद असताना तो शेजारच्या थर्मामीटरपेक्षा ५ अंश जास्त दाखवत होता. सेन्सर पीटी १०० आहे, म्हणजे ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला १३८.५ ओहम, अर्थात अंशाला सुमारे ०.३८५ ओहम. उघडून पाहिले तर जंक्शन बॉक्समध्ये तिसरी तार (जी केबलचे रोधन वजा करण्यासाठी असते) मोकळी सोडून दोन टर्मिनल लहानशा तुकड्याने जोडलेली होती, त्यामुळे पॅनलला सेन्सर तीन तारांचाच वाटत होता, पण सुमारे ८० मीटर केबलची जाण्या-येण्याची जवळपास २ ओहम रोधने मात्र तापमान म्हणून मोजली जात होती. तिसरी तार खऱ्या सेन्सरपर्यंत नेल्यावर फरक नाहीसा झाला. सॉफ्टवेअरमध्ये ५ अंश वजा करून मोकळे होण्याची सूचना आली होती. ती स्वीकारली नाही, कारण केबलचे रोधन उन्हाबरोबर बदलते.

५ ऑक्टोबर

ड्रम-पातळीच्या ट्रान्समीटरचे कॅलिब्रेशन. या नोंदीत आकडेमोड पूर्ण देतो, कारण पुढील वर्षी कोणीतरी ती पुन्हा मागणार आहे.

वरच्या आणि खालच्या टॅपिंगमधील अंतर ६०० मिमी आहे. वरच्या बाजूला कंडेन्सेटने सतत भरलेली, बाहेरच्या तापमानाची नळी आहे, तिची घनता (थंड पाण्याची १ धरून) ०.९९२ धरली. बॉयलर ४५ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाला चालतो तेव्हा ड्रममधील पाणी सुमारे २५७ अंशांवर असते आणि त्याची घनता फक्त ०.७८८ उरते, तर वाफेची ०.०२३. ड्रममध्ये पातळी शून्य असताना दोन्ही बाजूंतील फरक ६०० गुणिले (०.९९२ वजा ०.०२३), म्हणजे सुमारे ५८१ मिमी पाणी येतो. पातळी पूर्ण असताना तो ६०० गुणिले (०.९९२ वजा ०.७८८), म्हणजे सुमारे १२२ मिमी येतो. म्हणून ४ मिलिअँपिअरला ५८१ आणि २० मिलिअँपिअरला १२२ अशी रेंज दिली.

जुना ट्रान्समीटर ६०० ते ० अशा थंड पाण्याच्या रेंजवर ठेवलेला होता. त्या रेंजवर ड्रम खरोखर अर्धा भरलेला असताना आकडा सुमारे ४१ टक्के येतो आणि पूर्ण भरलेला असताना ८० टक्क्यांच्याही खाली राहतो. पातळी कमी आहे असे समजून ऑपरेटर पाणी वाढवतो आणि वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे जाण्याचा धोका निर्माण होतो. गेज ग्लासमधील पाणीही ड्रममधल्यापेक्षा थंड आणि जड असल्याने काच स्वतःच खरी पातळी थोडी कमी दाखवते. त्यामुळे काच आणि पडदा यांतील किती फरक योग्य समजायचा, हे बॉयलर अटेंडंटना फळ्यावर आकृती काढून समजावले.

बॉयलर थंड असताना आता पडद्यावरचा आकडा मुद्दामच चुकीचा दिसेल. ट्रान्समीटरवर तशी पाटी लावली आहे, नाहीतर कोणीतरी झिरो करून टाकेल.

९ ऑक्टोबर

काल रात्री परतीच्या पावसात विजा झाल्या. नदीकाठच्या पंपघराच्या पातळी-ट्रान्समीटरचा प्रवाह २२ मिलिअँपिअरवर अडकला. ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलेला प्रवाह म्हणजे पाण्याची पातळी नसून उपकरणाने दिलेली दोषाची खूण, असे पॅनलमध्ये आधीच ठरवलेले असल्याने पंप आपोआप हातचालनावर आला. ट्रान्समीटर बदलला आणि केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारे) लावले.

२२ ऑक्टोबर

दसऱ्याला अग्निप्रदीपन झाले होते. आज बॉयलर दाबावर आला. ड्रम-पातळी काचेशी अपेक्षित फरकाने जुळते आहे.

वाफेचा प्रवाह मात्र जुळेना. पाण्याचे मीटर ताशी ३१ टन दाखवत असताना वाफेचे मीटर ४२ टनांच्या वर होते. ब्लोडाउन (ड्रममधील पाणी बाहेर सोडणे) बंद होता, त्यामुळे बॉयलरमध्ये गेलेल्या पाण्यापेक्षा जास्त वाफ बाहेर येणे शक्यच नव्हते. ऑरिफिसचे (वाफेच्या नळीतील, दाबाचा फरक निर्माण करणाऱ्या छिद्राच्या चकतीचे) कागद काढण्याआधी भार बदलून पाहिला, आणि तेथेच दिशा मिळाली, कारण भार वाढवला तसा दोन्ही आकड्यांतील फरक कमी होत गेला. ऑरिफिस किंवा टॅपिंगचा दोष असा वागत नाही. दाबातील फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने त्याचे वर्गमूळ एकदा काढावे लागते, आणि येथे ते ट्रान्समीटरमध्येही निघत होते आणि डीसीएसमध्येही (कारखान्याच्या संगणकीय नियंत्रण-प्रणालीतही). ६० टनांच्या रेंजवर ३० टन म्हणजे ५० टक्के, आणि त्याचे पुन्हा वर्गमूळ म्हणजे ७०.७ टक्के, अर्थात ४२.४ टन. ट्रान्समीटर रेखीय केला आणि आकडे जुळले. ड्रमची पातळी, वाफ आणि पाणी या तीन घटकांचे ड्रम-नियंत्रण याच आकड्यावर पाणी सोडते, म्हणून आजपर्यंत ते हातचालनावरच ठेवले होते.

२९ नोव्हेंबर

गाळप पूर्ण क्षमतेवर आहे. सल्फिटेशनच्या पीएच मीटरची तक्रार अपेक्षित होती, पण ती उलट्या रूपात आली. मीटर बंद पडल्याची तक्रार कोणीच केली नाही. उलट रात्रपाळीच्या वहीत "पीएच उत्तम, ७.०२ स्थिर" असा शेरा होता, आणि सकाळी लॅबच्या नमुन्यात रस ७.६ निघाला.

आलेख काढला तेव्हा तो पट्टीने ओढल्यासारखा सरळ होता. चुना आणि गंधकाचा वायू एकमेकांशी झुंजत असताना पीएच इतका स्थिर राहूच शकत नाही. इलेक्ट्रोड काढून ४.०१ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवला, तरी ७.० च. चांगला इलेक्ट्रोड येथे सुमारे १७७ मिलिव्होल्टने हलायला हवा होता. काचेच्या इलेक्ट्रोडचा पीएच ७ म्हणजे शून्य मिलिव्होल्ट, आणि तार व शील्ड एकमेकांना टेकली तरी शून्यच मिलिव्होल्ट. आमच्या रसाचे लक्ष्य ७.० ते ७.२ असल्यामुळे मेलेला इलेक्ट्रोड नेमका सर्वोत्तम आकडा दाखवत राहतो. डोसिंगही त्या आकड्यावर समाधानी राहिले आणि रात्रभर चुना जास्त पडत गेला. रस काळवंडला आहे आणि बाष्पीभवन पात्रांत थर लवकर बसेल.

काच शाबूत होती. कनेक्टर उघडला तेव्हा आत वाफेचे दव होते. काचेचा रोध शेकडो मेगओहम असतो, तेथे एवढा दमटपणा शॉर्ट सर्किटइतकाच पुरतो. कनेक्टर स्पिरिटने पुसून गरम हवेने वाळवला, इलेक्ट्रोडवरचा कॅल्शियमचा थर ५ टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये काढला, दोन बफरवर कॅलिब्रेशन केले आणि होल्डर वाफेच्या झोतापासून बाजूला वळवला. दहा मिनिटांत आकडा ०.०२ इतकाही हलला नाही तर धोक्याची घंटा वाजावी, असा नियम डीसीएसमध्ये घातला.

लॅबशी तुलना करताना एक खबरदारी मुख्य रसायनतज्ज्ञांशी बोलून ठरवली. गरम चुनायुक्त रसाचा पीएच थंड केलेल्या नमुन्यापेक्षा मुळातच कमी असतो. मीटरमधील तापमान-दुरुस्ती केवळ इलेक्ट्रोडचा उतार सुधारते, म्हणजे २५ अंशांचे ५९ मिलिव्होल्ट ७० अंशांना ६८ धरते, रसातील रासायनिक बदल तिला कळत नाही. त्यामुळे दोन आकडे तंतोतंत जुळवण्याचा प्रयत्न न करता दोहोंतील फरक दर शिफ्टला लिहायचा आणि तो फरक बदलला तरच इलेक्ट्रोड काढायचा. सिरपच्या सल्फिटेशनवर लक्ष्य ५ च्या जवळ असल्याने तेथे हाच दोष लगेच उघडा पडेल, पण कनेक्टर तेथेही वाफेच्या बाजूलाच आहे. शुक्रवारी सफाईसाठी बंद मिळणार आहे, तेव्हा तोही होल्डर वळवायचा आहे.